कच्चा खडा की तयार पाचू?

जयपूर शहरातून टोंक रोडने दक्षिणेकडे निघालं आणि सांगानेर मागे पडलं, की सीतापुरा येतं. गुलाबी शहरातल्या महालांशी आणि झरोक्यांशी या भागाचं काही नातं नाही. इथे कारखान्यांच्या शेड आहेत, मालाचे टेम्पो आहेत, इंजिनियरिंग कॉलेजं आहेत, मोठमोठी प्रदर्शनं भरवणारं कन्व्हेन्शन सेंटर आहे. आणि रत्नं-दागिन्यांच्या निर्यातीसाठी आखून दिलेला खास विभागही इथेच आहे. बाहेरून रुक्ष दिसणाऱ्या या इमारतींच्या आत पाचू, माणिक, पुष्कराज यांना पैलू पाडले जातात.

या धंद्यात माल घेण्याच्या दोन रीती. पहिली, परदेशी खाणीतून आलेला कच्चा खडा घ्यायचा. व्यापारी त्याला 'रफ' म्हणतात. दिसायला तो बाटलीच्या फुटक्या काचेसारखा. आत काय आहे ते देव जाणे! चाकावर धरला आणि मधोमध चीर निघाली तर पैसे बुडाले. निर्मळ निघाला तर मात्र त्या एका खड्यावर घेणाऱ्याची वर्षभराची कमाई सुटते. दुसरी रीत, कुणीतरी आधीच पैलू पाडून ठेवलेला खडा घ्यायचा. रंग दिसतो, वजन कळतं, डाग असला तर भिंगाखाली पकडता येतो. फसगत कमी. पण त्याची किंमत दुसऱ्याने आधीच वसूल केलेली असते. नफ्याला जागा उरते ती थोडी.

पिढ्यान्‌पिढ्या जयपूरचे जवाहिर या पेचात दिवस काढत आले आहेत. आणि गेली काही वर्षं नेमका हाच पेच याच शहराच्या एका संघापुढेही दरवर्षी उभा राहतो. संघ आहे जयपूर पिंक पँथर्स, खेळ आहे आपला कबड्डी. प्रश्न साधा आहे. गावाकडच्या मॅटवरून उचललेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरावर विश्वास टाकायचा, की दुसऱ्याच्या घरात नाव कमावलेला गडी तिजोरी रिकामी करून आणायचा?

लग्नाच्या बाजारातही वधूपित्यांना हाच प्रश्न पडतो म्हणा! डॉक्टरकी शिकत असलेला मुलगा पाहायचा, की दवाखाना थाटून बसलेला?

पहिल्याच वर्षी गुलाल

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तेव्हा लिलावातली सगळ्यात मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची. पाटण्याच्या संघाने ती राकेश कुमारवर लावली होती. आज हा आकडा वाचून हसू येतं. त्या वेळी मात्र कबड्डीपटूला इतके पैसे मिळतात, यावर गावातल्या लोकांचा विश्वास बसत नव्हता.

अभिषेक बच्चनच्या मालकीच्या जयपूर संघाने त्या पहिल्याच हंगामात बाजी मारली. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी अनुपकुमारच्या यू मुंबाला ३५-२४ असं लोळवलं. संघनायक होता नवनीत गौतम. चढाईला जसवीर सिंग होता आणि त्याच्या जोडीला मणिंदर सिंग नावाचा पंजाबचा धिप्पाड गडी. प्रतिस्पर्ध्याच्या गोटात शिरला की दोन-तीन जणांना अंगावर घेऊनच मध्यरेषेकडे परतायचा. जयपूरला आपला हुकमी चढाईपटू सापडला, असंच त्या वेळी सगळे म्हणत होते.

पण झालं भलतंच. पुढचे तीन हंगाम मणिंदर लीगमध्ये दिसलाच नाही. २०१७ मध्ये तो परतला तो बंगाल वॉरियर्सच्या कपड्यांत! आणि २०१९ साली त्याच बंगालने त्याच्या नेतृत्वाखाली विजेतेपद पटकावलं. दुखापतीमुळे अंतिम सामन्यात तो मॅटवर नव्हता, ही गोष्ट वेगळी. हंगामभर संघ ओढत आणला होता तो त्यानेच.

जयपूरने २०१६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण पाटण्याकडून मार खाल्ला. त्यानंतर सुरू झाला दुष्काळ. २०१८ च्या लिलावात कबड्डीने पहिल्यांदा कोटीचा उंबरठा ओलांडला आणि एकाच लिलावात सहा खेळाडू कोट्यधीश झाले. हरियाणाने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. जयपूरने दीपक हुड्डाला १ कोटी १५ लाखांना आणलं. म्हणजे पैलू पाडलेला, पारखलेला खडा. त्याआधी तो पुण्याकडून खेळत होता. पुण्याने त्याच्याऐवजी तेवढ्याच, म्हणजे १ कोटी १५ लाखांत, नितीन तोमरला घेतलं. दोन्ही संघांना वाटलं, झालं काम!

त्या वर्षी जयपूर बाद फेरीत पोहोचलं नाही. पुढल्या वर्षीही नाही. २०१६ च्या त्या अंतिम सामन्यानंतर तब्बल चार हंगाम जयपूरच्या प्रेक्षकांनी बाद फेरी टीव्हीवर, तीही दुसऱ्याच संघांची पाहिली. दीपकने काम कमी केलं असं नाही. एकट्या माणसाने सात जणांचा गाडा ओढायचा तरी किती?

उंच माणसाची उंच किंमत

हा पेच कबड्डीने जन्माला घातलेला नाही. सगळ्यात आधी आणि सगळ्यात तीव्रपणे तो उभा राहिला अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये. तिथे संघात पाच जण खेळतात आणि त्यांतला एक असतो सेंटर. हा संघातला सगळ्यात उंच गडी. बास्केटच्या खाली पाय रोवून उभं राहायचं, समोरच्यांचे चेंडू हवेतच अडवायचे, रिंगवरून उसळलेला चेंडू हिसकावायचा, ही त्याची कामं. कबड्डीत जे स्थान मुख्य चढाईपटूचं, तेच तिथे सेंटरचं. बाकी सगळं शिकवता येतं, सात फूट उंची शिकवता येत नाही. म्हणूनच असा पोरगा कुठे दिसला की संघमालकांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि डोकं चालेनासं होतं!

तिथली पद्धत आपल्या लिलावापेक्षा वेगळी आहे. दरवर्षी नव्या मुलांची निवड होते. सगळे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक मुलगा उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. ज्यांना थांबायचं नसतं, ते आपला निवडीचा हक्क किंवा आपले खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचा तयार गडी घेतात. पैशांपेक्षा माणसांची अदलाबदल जास्त.

१९५६ ची गोष्ट. सेंट लुईसच्या संघाकडे निवडीचा दुसरा क्रमांक होता. त्या क्रमांकावर बिल रसेल नावाचा कृष्णवर्णीय तरुण सेंटर मिळत होता. कॉलेजच्या संघाला त्याने ओळीने दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. पण व्यावसायिक खेळात तो टिकेल का, हे कुणी सांगावं? तिकडे बोस्टनच्या संघाकडे एड मॅकॉली हा नावाजलेला सेंटर होता. मूळचा सेंट लुईसचाच, तिथल्या लोकांचा लाडका. त्याचा लहान मुलगा गंभीर आजारी होता आणि त्यालाही घराजवळ राहायचं होतं. सौदा झाला. बोस्टनने मॅकॉली आणि सोबत क्लिफ हेगन हा आणखी एक खेळाडू दिला. बदल्यात घेतला कच्चा रसेल.

सेंट लुईस फसलं का? मुळीच नाही. दोनच वर्षांत, १९५८ मध्ये, त्यांनी विजेतेपद जिंकलं आणि तेही रसेलच्या बोस्टनला हरवून. तयार माणूस आणला की फळ लगेच मिळतं, ते असं. पण त्यांच्या पदरात पडलं ते हे एकच विजेतेपद. रसेल बोस्टनकडून १३ वर्षं खेळला आणि त्यांतली ११ विजेतेपदं त्याने बोस्टनच्या झोळीत टाकली!

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग कच्चाच माल घ्यावा. थांबा. १९८४ साली पोर्टलंडच्या संघालाही निवडीचा दुसरा क्रमांक मिळाला होता. त्यांना सेंटर हवा होता. त्यांनी सॅम बोवी हा सात फुटी तरुण उचलला. कॉलेजात असताना त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, त्यात त्याची दोन वर्षं वाया गेली होती, हे माहीत असूनही. पुढेही त्याच्या पायांनी त्याला दगा दिला. आणि त्याच्यानंतर, तिसऱ्या क्रमांकावर, शिकागोने कुणाला उचललं? मायकल जॉर्डनला. उंचीच्या मोहापायी झालेली ही चूक अमेरिकेत चाळीस वर्षांनंतरही चघळली जाते.

तयार माणसाच्या बाजूनेही दाखले आहेतच. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसने करीम अब्दुल-जब्बार हा सर्वश्रेष्ठ ठरलेला सेंटर मिलवॉकीकडून आणला, बदल्यात चार खेळाडू दिले. त्याच्यासह त्यांनी पुढे पाच विजेतेपदं जिंकली. १९८२ मध्ये फिलाडेल्फियाने मोझेस मलोनला ह्यूस्टनहून आणलं आणि पुढच्याच वर्षी करंडक उचलला. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मलोन यायच्या आधीही फिलाडेल्फिया अंतिम फेरीपर्यंत जाऊन हरत होतं. घर बांधून तयार होतं, राहिला होता तो कळस.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर सतनाम सिंगचा. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत घडला, वयाच्या चौदाव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. खेड्यात पेढे वाटले गेले असतील, यात नवल नाही. पण मुख्य लीगमधला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुय्यम लीगमध्ये तो खेळला, मग परतला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीकडे वळला. कच्चा खडा उचलणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, ५२ वा क्रमांक गेला तर गेला. पण चाकावर चढलेला असतो तो पोरगा!

घरचा अर्धा पगार एकावर

कबड्डीकडे परत येऊ. इथे हा पेच आणखी घट्ट होतो, कारण खर्चाला वेसण आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंवर ठरावीक रकमेपलीकडे खर्च करता येत नाही. २०२१ आणि २०२२ च्या लिलावांत ही रक्कम ४ कोटी ४० लाख होती, २०२३ पासून ती ५ कोटी झाली. एवढ्यात अख्खा संघ बसवायचा. मालक कितीही श्रीमंत असो, या पेटीबाहेरचा एक रुपया त्याला चालत नाही. गृहिणींना हे गणित समजावून सांगायला नको. महिन्याच्या पगारातला अर्धा पैसा फ्रिजवर घातला, तर किराण्याला काय उरतं?

उलट बाजूने, नवे तरुण खेळाडू संघांना लिलावाबाहेर थेट निवडता येतात. लीगच्या भाषेत 'न्यू यंग प्लेयर', म्हणजे नवोदित. ते स्वस्तात येतात आणि पुढचे काही हंगाम हाताशी राहतात. एखादा चमकला तर संघाला दोन-तीन वर्षं कोटीचा माल लाखांत वापरायला मिळतो. फायदा खरा इथे आहे.

२०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाखांची बोली लावली. तोवरचा विक्रम! ४ कोटी ४० लाखांतला निम्म्याहून जास्त पैसा एकट्यावर. पवनच्या गुणवत्तेबद्दल वादच नव्हता. पण हंगामातल्या पहिल्याच सामन्यात, गुजरातविरुद्ध, त्याचा गुडघा दुखावला आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. तो हंगामात परतलाच नाही. सव्वादोन कोटी रुपये बाकावरसुद्धा नाहीत, थेट दवाखान्यात!

मग तमिळ संघाने काय केलं? त्यांच्याकडे नरेंदर नावाचा एक नवोदित होता. कुणाला ठाऊक नसलेला. चढाईची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. त्याने त्या एका हंगामात चढाईचे २०० हून अधिक गुण मिळवले आणि आधी नेहमी तळाशी राहणारा तो संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. पवन धडधाकट असता तर या पोराला इतक्या चढाया मिळाल्या असत्या का? कोण सांगणार! कितीतरी संघांच्या बाकावर असे नरेंदर बसून असतील.

तयार खडा कधी फुटतच नाही असं नाही, हेही यातून दिसलं. अनुभवी खेळाडू म्हणजे भरवशाचा, अशी आपली समजूत. पण अनुभव म्हणजे तेवढ्याच वेळा मुरगळलेले घोटे आणि तेवढ्याच वेळा आपटलेले गुडघेसुद्धा.

२०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लावून घेतलं. या वेळी तो खेळला, गुणही मिळवले. संघ मात्र २२ पैकी फक्त २ सामने जिंकून तळाला गेला.

पारनेरचा पोरगा, इराणचा पहिलवान

याच काळात पुण्यात वेगळाच प्रयोग चालू होता. तोही ठरवून नव्हे, काहीसा नाइलाजाने.

डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या हंगामात पुणेरी पलटणकडे नितीन तोमर आणि राहुल चौधरी ही दोन मोठी नावं होती. राहुल म्हणजे लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतला सगळ्यात लाडका चढाईपटू. २०१८ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी २९ लाख उधळले होते. पण हंगाम पुढे सरकला तसं दिसू लागलं की पाय पूर्वीसारखे चालत नाहीत. प्रशिक्षक होता अनुपकुमार, स्वतः एके काळचा भारताचा संघनायक. त्याने नावं बाजूला ठेवली आणि दोन पोरांना मॅटवर सोडलं. हरियाणाचा मोहित गोयत आणि आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार.

अस्लम पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. वडील लहानपणीच गेले. आईने मोलमजुरी करून मुलांना वाढवलं. अशा घरातल्या मुलाने 'मी कबड्डी खेळतो' म्हणणं म्हणजे काय असतं, हे पारनेरसारख्या दुष्काळी भागात राहिलेल्यालाच कळेल. रोजगार बुडवून खेळायचं, तेही उद्या कुणी घेईल याची शाश्वती नसताना. लिलावाच्या टेबलावर 'रफ' हा शब्द सहज उच्चारला जातो. त्या रफचे खरे पैसे आधीच कुणीतरी भरलेले असतात, एका आईने, शेतात राबून.

अस्लम आणि मोहित यांनी त्या हंगामात पुण्याला बाद फेरीपर्यंत नेलं. पुण्याच्या व्यवस्थापनाने यातून जो धडा घेतला, तो महत्त्वाचा. त्यांनी पोरांना विकलं नाही. पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी आणखी तरुण मंडळी त्यांच्या भोवती ठेवली. चढाईचा सगळा भार स्वस्तातल्या पोरांवर टाकला. वाचलेले पैसे खर्च केले ते बचावफळीतल्या एका तयार माणसावर! २०२२ मध्ये १ कोटी ३८ लाखांना इराणचा फझल अत्राचली आला. त्या वर्षी पुणे अंतिम फेरीत पोहोचलं.

समोर कोण होतं? जयपूर.

जयपूरनेही तोवर शहाणपण शिकून घेतलं होतं. २०२१ च्या लिलावात त्यांनी अर्जुन देशवालला ९६ लाखांना घेतलं होतं. अर्जुन कच्चा नव्हता, पण पारखलेलाही नव्हता. यू मुंबाकडे त्याने दोन हंगाम काढले होते, संधी मोजक्याच मिळाल्या होत्या. सीतापुऱ्याच्या भाषेत बोलायचं तर कुणीतरी दोन पैलू पाडून बाजूला ठेवलेला खडा. त्यातून आतलं तेज दिसत होतं आणि भाव अजून चढला नव्हता. जवाहिरांची नजर लागते ती इथे.

२०२२ च्या हंगामात अर्जुनने चढाईचे २९६ गुण मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. बचावात डाव्या कोपऱ्यावर अंकुश नावाचा नवोदित उभा राहिला. पहिलाच हंगाम आणि पकडींचे ८९ गुण, लीगमध्ये सर्वात जास्त! संघनायक सुनील कुमार मधोमध भिंतीसारखा. आणि बाकावर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत होता राहुल चौधरी. होय, तोच कोटीवाला राहुल, उतारवयात जयपूरला आलेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरने पुण्याला ३३-२९ असं हरवलं आणि आठ वर्षांनी करंडक गुलाबी शहरात परतला.

पुण्याने पराभवानंतर घर मोडलं नाही. पोरं तीच ठेवली. २०२३ च्या लिलावात फझलच्या जागी त्याचाच देशबांधव, पंचविशीच्या आतला मोहम्मदरझा शादलुई आणला, २ कोटी ३५ लाखांना. ५ कोटींतला जवळपास निम्मा पैसा. पवनच्या वेळी हसणारे पुन्हा हसले. पण इथे फरक होता. तमिळ संघाने आधी पवनला घेतलं आणि मग त्याच्याभोवती संघ उभा करायला निघाले. पुण्याचा संघ आधीच उभा होता. कोंदण तयार होतं, खडा बसवायचा बाकी होता.

शादलुईने पकडींचे ९९ गुण घेतले. अस्लम त्या हंगामाच्या तोंडावर भारतीय संघातून आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन आला होता. त्याच्याकडे संघनायकपद दिलं गेलं. पुण्याने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पाडाव करून पहिलं विजेतेपद मिळवलं. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला टाकळी ढोकेश्वरचा अस्लम.

तोच खडा, तीन घरं

शादलुईची पुढची वाटचाल या सगळ्या वादावर चांगला प्रकाश टाकते. पुण्याने त्याला सोडलं. २०२४ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना उचललं. हरियाणा म्हणजे आदल्या वर्षीचा उपविजेता, तरुण आणि बांधीव संघ. त्यांना तीन गुणांची कसर भरून काढायची होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून करंडक जिंकला. त्याच हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला आणि आदल्या वर्षीचं विजेतं पुणे बाद फेरीतही पोहोचलं नाही. ज्या पोरावर घर बांधलं, तोच खांब निखळला तर काय होतं, हेही पुणेकरांनी पाहिलं.

२०२५ मध्ये शादलुई गुजरात जायंट्सकडे गेला, २ कोटी २३ लाखांना. माणूस तोच, ताकद तीच. पण गुजरातचा संघ विस्कळीत होता. पहिल्या आठ संघांना पुढे जायची संधी होती, गुजरात त्यांतही नव्हतं. ज्याने दोन घरांत ओळीने करंडक आणला, तो तिसऱ्या घरात काही करू शकला नाही.

मग कच्चा घ्यावा की तयार, हा प्रश्न मुळात अर्धवटच विचारला जातो असं म्हणायला हवं. खड्याआधी कोंदण पाहायला हवं. ज्या संघाला अजून तीन-चार वर्षं घडायचं आहे, त्याने तयार खेळाडूवर अर्धी तिजोरी उडवणं म्हणजे पाया खणायच्या आधी झुंबर विकत घेणं. आणि जो संघ दोनदा दाराशी जाऊन परतला आहे, त्याने 'आमची पोरं पुढच्या वर्षी तयार होतील' म्हणत बसणंही तितकंच चुकीचं. पोरांचीही वर्षं जातात. त्यांचे भाव वाढतात आणि ती दुसऱ्याची होतात.

वेळ किती निर्दय असते, हे प्रदीप नरवालच्या कथेत दिसतं. २०१५ मध्ये तो बंगळुरूच्या संघात होता, कोवळा, बहुतेक वेळ बाकावर. बंगळुरूने त्याला सोडलं. पाटण्याने उचललं आणि त्याच्यासह ओळीने तीन विजेतेपदं जिंकली. २०१७ च्या एकाच हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. 'डुबकी किंग' म्हणून घराघरांत नाव झालं. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं. तो तेव्हाचा विक्रम होता, पण करंडक आला नाही. २०२४ मध्ये तो पुन्हा बंगळुरूला आला, ७० लाखांत. जो खडा त्यांनी कच्चा असताना फेकला होता, तोच झिजल्यावर विकत घेतला. आणि २०२५ च्या लिलावात लीगच्या इतिहासातल्या या सर्वाधिक यशस्वी चढाईपटूसाठी एकाही संघाने हात वर केला नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. वय होतं जेमतेम अठ्ठावीस.

पुण्याने मात्र २०२५ मध्ये पुन्हा आपल्याच वाटेने जाऊन पाहिलं. अस्लम बरा होऊन परतला होता, सोबतीला आदित्य शिंदेसारखी नवी पोरं चढाईला उभी राहिली होती. साखळीत पुणे पहिलं आलं. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असं हरवलं. दिल्लीच्या बचावफळीत तिशी ओलांडलेला एक ओळखीचा इराणी चेहरा होता. फझल अत्राचली, पुण्याचाच जुना संघनायक!

आणि जयपूर? २०२५ च्या त्याच लिलावात अर्जुन देशवाल त्यांच्या हातून गेला. तमिळ थलैवाजने त्याच्यासाठी १ कोटी ४० लाखांच्या वर रक्कम मोजली. ९६ लाखांत आणलेला, घरी पैलू पाडलेला खडा दुसऱ्याच्या अंगठीत गेला. जयपूरने त्याच्या पाठीमागे बोली चढवत नेली नाही. त्यांनी पैसे ठेवले ते नितीन कुमार धनखडसाठी. बंगालकडून दोन हंगाम खेळलेला हा तरुण चढाईपटू, पुरता कच्चा नाही आणि अजून नावारूपालाही आलेला नाही. त्याच्यावरची बोली थांबली १ कोटी २० हजारांवर.